एका शिपायाचे मधले नाव

मेलेल्या माणसांचे आईबाप शोधणे हा माझा व्यवसाय आहे. रायपुरात कुणी विचारले की मी एवढे एकच वाक्य सांगते. त्यानंतर समोरचा माणूस एक तर विषय बदलतो किंवा खुर्ची पुढे ओढून बसतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणींचे पान बहुधा निवृत्त मंडळींकडे असते. रेल्वेतले, पोलाद कारखान्यातले, सरकारी कचेऱ्यांतले काका-काकू ते लिहितात. यंदा संपादककाकांनी ते माझ्याकडे दिले, तेव्हा मी त्यांना माझे वय सांगितले. ते म्हणाले, "वय कायले सांगते? तुझे गिऱ्हाईक अडीचशे वर्षं जुने हायेत ना? झालं तं मग."

शिक्षणाने मी जैवतंत्रज्ञानाची. सुरुवातीला एका प्रयोगशाळेत भाताच्या जुन्या वाणांचे नाते तपासत होते: कोणते वाण कोणत्या गावाहून आले, कुणाचा संकर कुणाशी झाला. आता एका लहानशा अमेरिकन कंपनीसाठी रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या घरी बसून तेच काम माणसांवर करते. भात आणि माणूस यांत माझ्या दृष्टीने फरक एकच: निष्कर्ष आवडला नाही म्हणून भात तक्रार करत नाही.

काम थोडक्यात असे. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. त्या काळात समुद्र ओलांडून आलेला, वसाहतीच्या फौजेत लढलेला आणि लढल्याबद्दल जमीन मिळालेला एखादा पूर्वज तिकडच्या बऱ्याच घरांत असतो. तो आल्यानंतरचे सारे त्यांना ठाऊक असते. तो आला कुठून, कुणाच्या पोटचा, हे ठाऊक नसते. ते शोधायची साधने दोन: जुनी दप्तरे आणि रक्त. रक्त म्हणजे प्रत्यक्षात गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेल्या पेशी. पुरुषाच्या पेशीत वाय नावाचे गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आडनावासारखे. म्हणजे आडनाव आणि वाय गुणसूत्र या दोन गाड्या एकाच रुळावरून धावायला हव्यात. मधे कुठे सांधा बदलला असेल, तर माझे काम सुरू होते.

दप्तरांतले सापळे वेगळे. एका गावात एकाच नावाचे दोघे असले, तर कारकून थोरल्याला 'सीनियर' आणि धाकट्याला 'ज्युनियर' लिहून मोकळा होई. ते बापलेक असतीलच असे नाही. कधी काका-पुतणे असत, कधी एकमेकांचे कुणीच नसत. या एका शब्दापायी कित्येक वंशवृक्षांवर चुकीची फांदी जोडलेली मी पाहिली आहे आणि काही छाटलीही आहे. छाटलेल्या फांदीवर बसलेली माणसे अर्थातच रागावतात. एका गृहस्थांना आपला पूर्वज राजघराण्यातला असल्याची खात्री होती. तो पिंपे बनवणारा निघाला. 'पुन्हा तपासा', असे त्यांनी कळवले. मी तपासले. पिंपेच निघाली.

इथले गिऱ्हाईक क्वचित येते. अभनपूरचे एक बियाण्यांचे व्यापारी माझे भाताचे दिवस आठवून घरी आले होते.

"दीदी, थूक से गोत्र निकल जाता है क्या?"

"नहीं, भैया."

"तो फिर क्या निकलता है?"

"बाप का बाप, उसका बाप."

"वो तो मालूम है," ते म्हणाले. "बैठक में फोटो टंगी है." चहा पिऊन, समाधानाने गेले.

पण मला सांगायचे आहे ते रूथबाईंच्या कामाविषयी. या व्यवसायात एखादे गिऱ्हाईक आपले होऊन बसते, तसे त्यांचे झाले.

रूथबाई ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त संगीतशिक्षिका. ईशान्य अमेरिकेतल्या एका लहान गावी एकट्या राहत. आमच्याकडे संध्याकाळ झाली की त्यांची सकाळ होई; तेव्हा आम्ही पडद्यावर बोलत असू. बोलणे सुरू होण्यापूर्वी त्या माझ्यामागच्या खिडकीतून ऐकू येणाऱ्या हॉर्नांचा सूर ओळखून सांगत. त्यांचा पूर्वज जोसायाह पेंडल. तरुणपणी एकटाच इंग्लंडहून आला, वसाहतीच्या फौजेत शिपाई झाला, एका चढाईत पायाला गोळी लागली, जमीन मिळाली, घर बांधले. त्याच्या थडग्यावरचा दगड झिजून गुळगुळीत झाला होता. वंशजांच्या शरद ऋतूतल्या मेळाव्यात नवा दगड बसवायचा होता. मजकूर ठरला होता: 'जोसायाह पेंडल, शिपाई आणि वसाहतकार, अमक्याचा मुलगा.' त्या अमक्याच्या जागी पुराव्यानिशी नाव हवे होते.

"हा प्रश्न माझ्या वडिलांनी सोडवायला घेतला होता, मग भावाने," त्या म्हणाल्या. "आता मी उरले आहे. पुढची पिढी मेळाव्याला जेवायला येते. दगड कोरा राहिला, तर तो कोराच राहील."

तसे एक नाव तयार होते. कुणा हौशी वंशजाने फार पूर्वी कुटुंबाचा इतिहास छापला होता. त्यात जोसायाहला इंग्लंडमधल्या एका जमीनदार पेंडल घराण्याचा धाकटा मुलगा ठरवले होते. त्या घराण्याचे मानचिन्ह, दोन ससाणे आणि एक चांदणी, रूथबाईंच्या पियानोवर टांगलेले असे. पुरावा मात्र काही नव्हता. मी नेहमीची रीत अवलंबली. जोसायाहच्या दोन मुलांच्या वंशांतला एकेक पुरुष निवडला, जमीनदार घराण्याचा आजचा एक पुरुष मिळवला आणि तिघांचे नमुने तपासून घेतले.

जोसायाहचे दोन्ही वंशज एकमेकांशी जुळले. म्हणजे त्याच्यापासून खाली सारे सुरळीत होते. जमीनदार घराण्याशी त्यांचे काहीच जुळेना, अगदी दूरचेही नाही.

अहवालात मी चार शक्यता लिहिल्या: दुसरे एखादे पेंडल कुटुंब, दत्तक, बदललेले नाव, विवाहबाह्य जन्म. आमच्या शास्त्रात त्या चारींचे वजन सारखे. पण माणूस अहवाल तसा वाचत नाही. रूथबाई पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"म्हणजे त्याची आई तसली होती, असे तुम्ही म्हणता."

"मी असे म्हटलेले नाही. ती चौथी शक्यता आहे."

"प्रज्ञा, मेळाव्यातले लोक चौथीपासूनच वाचायला सुरुवात करतील."

त्यानंतर त्यांनी कंपनीला कळवले की काम थांबवावे आणि दगडावरची 'मुलगा' ही ओळ काढून टाकावी. माझ्या दृष्टीने काम व्यवस्थित संपले होते. गृहीतक चाचणीला उतरले नाही. विज्ञानात हेही यशच. तरी संध्याकाळी पडद्यासमोरची ती वेळ मोकळी राहू लागली आणि मला ते खुपू लागले.

इथे माझी आत्या येते. विमलआत्या रेल्वेत आरक्षणाच्या खिडकीवर होती. निवृत्तीनंतर ती आमच्याकडेच असते आणि माझ्या नोकरीविषयी तिचे मत ठाम आहे: "मुर्दे उकरून राहिली पोट्टी." एके दिवशी जेवणाच्या टेबलावर मी पेंडल कुटुंबाचा भला मोठा वंशवृक्ष पसरला होता, घडी करून कपाटात ठेवण्यासाठी. आत्या शेंगा सोलत होती. तिने टरफले बाजूला सारली आणि जोसायाहच्या थोरल्या मुलाच्या नावावर बोट ठेवले.

"जॉन कॉर्डी पेंडल. म्हणजे याच्या बापाचं नाव कॉर्डी."

मला हसू आले. ही चूक फक्त मराठी माणूसच करील. आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप बसलेला असतो. आत्याने आयुष्यभर आरक्षणाच्या खिडकीवर तशीच नावे वाचली होती.

"आत्या, तिकडं तसं नसते. याचा बाप जोसायाह. हा वर लिहिला आहे, पाहा."

"मंग मधात कॉर्डी काहून लिवलं?"

"ते याच्या आईच्या माहेरचं आडनाव. त्या काळी मधलं नाव ठेवायची चाल फार नव्हती. ठेवलंच तर बहुतेक आईकडचं ठेवत."

"आईचं नाव काय?"

"मेरी."

"मेरी कॉर्डी?"

"हो."

"कुठं लिवलं हाये?"

मी वंशवृक्षावर मेरीच्या नावाखालची नोंद पाहिली. मेरीचे माहेर कॉर्डी, हे आम्हाला कशावरून ठाऊक होते? मुलाच्या मधल्या नावावरून. आणि मुलाचे मधले नाव कॉर्डी का? तर आईचे माहेर कॉर्डी म्हणून. छापील इतिहासाने हे वर्तुळ एकदा आखले आणि पुढचे सगळे त्यावरच फिरत राहिले, मीसुद्धा. मेरीच्या लग्नाची नोंद कुणीच पाहिली नव्हती.

आत्याने शेंग फोडली. "आमच्या भावकीत तं थोरल्या पोट्ट्याले आज्याचं नाव देते. तसंच असंन. कॉर्डी म्हणजे त्या जोसायाहचा बाप."

"आत्या, जोसायाहचं आडनाव पेंडल आहे. त्याचा बाप कॉर्डी कसा असेल?"

"ते तू पाहा. तू शिकलेली. मी तं शेंगा सोलून राहिली."

आत्याचे विधान दोन ठिकाणी चुकीचे होते: तिकडे मधे बापाचे नाव येत नाही आणि कॉर्डी हे नाव नसून आडनाव. पण ते चाचणी घेण्याजोगे होते आणि शास्त्रात चाचणी घेता येणारी चूक ही न तपासलेल्या सहमतीपेक्षा अधिक मोलाची असते. जोसायाह खरोखर कॉर्डी रक्ताचा असेल, तर एखाद्या कॉर्डी पुरुषाशी त्याच्या वंशजांचे गुणसूत्र जुळेल. नसेल, तर जुळणार नाही. प्रश्न एवढाच की काम अधिकृतपणे बंद झाले होते. मी कंपनीत साहेबांना विचारले. ते म्हणाले, एक नमुना, त्याहून अधिक नाही. रूथबाईंना कळवू नये, असे मीच सुचवले. एकदा दुखावलेल्या बाईला अर्धवट आशा दाखवायची नव्हती.

इंग्लंडमध्ये कॉर्डी आडनावाची घरे मोजकीच उरली आहेत. निवृत्त बसचालक असलेले एक कॉर्डी फोनवर आले. गालाच्या आत कापूस फिरवायचा, हे मी त्यांना समजावले.

"मी कुठला गुन्हा केला आहे, असे तुम्हाला वाटते?"

"तुम्ही नाही. तुमच्या नात्यातला कुणी अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला का, एवढे पाहायचे आहे."

"आमच्यातले कुणी गावाबाहेर जात नाही," ते म्हणाले. "मी बस चालवायचो, तीही संध्याकाळी परत यायची."

पण नमुना त्यांनी पाठवला. सोबत, निकाल काहीही आला तरी कळवा, अशी चिठ्ठी होती.

निकाल आला, तेव्हा मी तो आधी एकटीने वाचला, मग आकडे पुन्हा पडताळले. बसचालक कॉर्डी आणि अमेरिकेतले पेंडल एकाच बापाचे वंशज होते. किती पिढ्या मागे, तेही अपेक्षेत बसत होते. आता कुठे पाहायचे, हे ठाऊक झाल्यावर दप्तरांनी आडकाठी केली नाही. इतके दिवस सगळे पेंडल नावाखाली जोसायाहचा जन्म शोधत होते. कॉर्डी नावाखाली शोधताच तो बसचालकांच्याच गावच्या चर्चमध्ये सापडला: एडवर्ड कॉर्डी आणि अ‍ॅन यांचा मुलगा जोसायाह. त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी एडवर्डचे दफन झाले होते. पुढे, मूल चालू-बोलू लागले असेल अशा सुमारास, विधवा अ‍ॅनने जॉन पेंडल नावाच्या दोर वळणाऱ्या कारागिराशी लग्न केले होते. म्हणजे माझी तिसरी शक्यता, बदललेले नाव. पोरगा आईचे बोट धरून नव्या घरी गेला आणि त्या घराचे आडनाव त्याला लागले. यात लपवण्यासारखे काही नव्हते. अ‍ॅन ही दुसरा संसार मांडलेली एक बाई होती, एवढेच.

आत्याला सांगितले, तेव्हा विजयाचा एक कटाक्ष टाकून ती लगेच गंभीर झाली. "जनम एकानं देल्ला, सांभाळलं दुसऱ्यानं," ती म्हणाली. "थोरल्या पोट्ट्याच्या नावात दोघाईले बसवलं त्यानं. हुशार होता तुझा शिपाई."

तोपर्यंत हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. जॉन हे सावत्र बापाचे नाव, कॉर्डी हे जन्मदात्याचे.

मी रूथबाईंना भेटीची वेळ मागितली. त्यांनी ती दिली, पण आवाज परका होता. मी सगळे क्रमाने मांडले: आधी रक्त, मग बाप्तिस्मा, दफन, लग्न. जमीनदार नाहीत, ससाणे नाहीत, हे मी स्पष्ट सांगितले. एक बाप लवकर वारलेला, एक दोर वळणारा. संपल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

"तो पेंडल त्याच्याशी चांगला वागत असे का?"

"हे गुणसूत्रात दिसत नाही, रूथबाई. चर्चच्या नोंदीतही नसते."

"तुम्हाला काय वाटते, ते विचारते आहे."

मला काय वाटते, हे सांगण्यासाठी मला पगार मिळत नाही. पण आत्याचे वाक्य ताजे होते. मी म्हणाले, "एवढा समुद्र ओलांडून आल्यावर, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हते तिथे, तो पुन्हा कॉर्डी होऊ शकला असता. तो पेंडलच राहिला. आणि पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने त्याला जॉन म्हटले."

रूथबाईंनी डोळे पुसले. मग शिक्षिकेच्या सुरात म्हणाल्या, "बरे. आता दगडावर काय लिहायचे?"

माझी शिफारस सरळ होती: 'एडवर्ड कॉर्डी याचा मुलगा'. पुरावा त्याचाच आहे. त्यांनी नकारार्थी मान हलवली. ज्याने वाढवले तो दगडावरून नाहीसा होतो, हे त्यांना पसंत नव्हते. दोघांची नावे आणि खुलासा लिहायला दगडावर जागा नव्हती. वंशजांपुढे थडग्यावर निबंध लिहायची त्यांची इच्छाही नव्हती.

"ही मधल्या नावाची गोष्ट तुम्हाला सुचली कशी?" त्यांनी मध्येच विचारले.

मी आत्याची चूक सांगितली. आमच्याकडे आधी स्वतःचे नाव, मग बापाचे, मग घराण्याचे, असा क्रम असतो आणि त्यामुळे माणसाचा बाप वेगळा सांगावा लागत नाही, हेही सांगितले. त्या बराच वेळ कागदावर काही लिहीत होत्या. मग तो कागद त्यांनी पडद्यासमोर धरला: जोसायाह कॉर्डी पेंडल.

"असे?"

माझ्यातली तपासनीस लगेच जागी झाली. मी दोन हरकती घेतल्या. पहिली, आमच्या पद्धतीने मध्ये बापाचे आडनाव नव्हे, नाव येते; तेव्हा एडवर्ड हवे. दुसरी अधिक गंभीर: जोसायाहने हे नाव आयुष्यात कधीही लावलेले नाही. फौजेच्या दप्तरात नाही, जमिनीच्या कागदात नाही. मेलेल्या माणसाला त्याने न वापरलेले नाव देणे, ही आमच्या व्यवसायातली पहिली मनाई आहे. असल्या नावांनी किती घोटाळे झाले आहेत, हे मी त्यांना उदाहरणांसह ऐकवले.

"ते नाव त्याने मुलाला दिले होते," त्या म्हणाल्या. "मी फक्त परत करते आहे."

मी अहवालाच्या मसुद्यात ते नाव टिपून घेतले.

मेळावा झाला. रूथबाईंनी दगडाचे छायाचित्र पाठवले. 'अमक्याचा मुलगा' ही ओळ नाही. नाव, शिपाई, वसाहतकार, एवढेच. बसचालक कॉर्डींना दिलेल्या शब्दाप्रमाणे मी निकाल कळवला होताच. आमच्यातलाही एक गावाबाहेर पडला म्हणायचा, असे त्यांनी उलट लिहिले आणि मेळाव्याला एक शुभेच्छापत्र धाडले. ते तिथे मोठ्याने वाचले गेले. आत्याने छायाचित्र दोन बोटांनी मोठे केले, अक्षर न् अक्षर वाचले आणि म्हणाली, "हव. आता फारम मंजूर."

मला त्या दगडाचा अभिमान वाटतो आणि तो पाहिला की थोडी अस्वस्थही होते. शंभर वर्षांनी माझ्यासारखाच कुणी संशोधक त्याच्यासमोर उभा राहील. सगळी दप्तरे धुंडाळेल, या शिपायाचे हे मधले नाव कुठेच सापडणार नाही आणि तो कपाळाला हात लावील. त्याच्यासाठी मी अंतिम अहवालाच्या शेवटच्या पानावर तळटीप घातली आहे. साहेबांनी ती गाळावी असे सुचवले होते. मी गाळली नाही. तीत लिहिले आहे: सदर नाव जोसायाहने हयातीत कधीही लावले नव्हते, ते त्याला तात्यापारा, रायपूर येथे मिळाले.